फुटबॉल क्लबचा जन्मभराचा पाठीराखा: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मडगाव, फोंडा, डिचोली, म्हापसा इथून आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या गोंयकारांकडून सतत येत असतात. उत्तरं मुख्यतः एफसी गोवाला धरून आहेत, जुन्या क्लबांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चाळिशी आली, आजवर कुठल्याच क्लबचा नव्हतो. आता सुरुवात केली तर उशीर झाला का?

नाही. एफसी गोवाची स्थापनाच २६ ऑगस्ट २०१४ ची. म्हणजे या क्लबचा सर्वांत जुना पाठीराखाही तुमच्या फार पुढे नाही. क्लब निवडताना एकच व्यवहारी कसोटी लावा: कामाच्या दिवशी संध्याकाळी सुटल्यावर ज्या मैदानावर पोहोचता येतं, तो क्लब तुमचा. पहिल्या हंगामात सगळे सामने बघायचा अट्टहास धरू नका, महिन्याला घरच्या मैदानावरचा एक पुरे. बाकीचे टीव्हीवर बघा, पण बघाल तो पूर्ण बघा. फक्त गोलांच्या चित्रफिती बघणाऱ्याला बचावफळी का कोलमडली ते कधीच कळत नाही, आणि मग तो दर पराभवाला गोलरक्षकाच्या नावाने बोटं मोडतो (प्रश्न ८).

२. एफसी गोवाच्या आधी इथले लोक कुणामागे होते? वडील सारखे धेंपो-धेंपो करतात.

वडील बरोबर आहेत. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, वास्को, सेझा, स्पोर्टिंग क्लुब द गोवा ही सगळी घराघरांतली नावं होती. राष्ट्रीय लीग साळगावकरने १९९८-९९ मध्ये जिंकली, पण खरा सुकाळ नंतर आला. २००४-०५ ते २०१२-१३ या ९ हंगामांत देशातली पहिल्या फळीची लीग गोव्याच्या क्लबांनी ८ वेळा जिंकली: धेंपोने ५, चर्चिलने २, साळगावकरने १. मधला एक हंगाम, २००५-०६, मुंबईच्या महिंद्र युनायटेडने नेला. धेंपो २००८ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीतही पोहोचला होता. एवढं बघितलेल्या माणसाला आजचं दुसरं-तिसरं स्थान फिकं वाटणारच. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला सामन्याला घेऊन जा.

३. एफसी गोवाने नेमकं काय जिंकलंय? मित्र म्हणतात ‘काहीच नाही’.

मित्रांना ही यादी पाठवा: सुपर कप २०१९ (अंतिम सामन्यात चेन्नईयिनवर २-१), आयएसएलची (इंडियन सुपर लीग, देशातली आताची पहिल्या फळीची लीग) लीग शील्ड २०१९-२०, ड्युरंड कप २०२१ (मोहमेडन स्पोर्टिंगवर १-०, जादा वेळेत एदू बेदियाचा गोल), सुपर कप मे २०२५ (जमशेदपूरवर ३-०), आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा सुपर कप, फातोर्ड्यावर (मडगावचं आमचं घरचं मैदान), ईस्ट बंगालविरुद्ध पेनल्टींवर.

नाही जिंकलेली एकच गोष्ट आहे, आणि मित्र बोट ठेवतात ते तिच्यावरच: आयएसएलचा करंडक. अंतिम फेरी दोनदा गाठली, २०१५ आणि २०१८-१९. दोन्ही वेळा हरलो.

४. गुणतक्त्यात पहिले आलो तरी विजेते का म्हणत नाहीत?

आयएसएलमध्ये साखळी संपल्यावर बाद फेरी खेळवत आले आहेत. साखळीत पहिला येतो त्याला शील्ड, बाद फेरी जिंकतो त्याला करंडक. २०१९-२० चं उदाहरण लक्षात ठेवा. १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपुरात ५-० जिंकून गोव्याने शील्ड घेतली आणि त्या जोरावर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पण उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडे १-४, घरी ४-२, एकूण ५-६ आणि करंडक हुकला.

आमच्या मते शील्डच मोठी. महिनोन्‌महिने सातत्य टिकवणं हे दोन रात्री नशीब साथ देण्यापेक्षा कठीण. अर्थात, हे मत गोव्याबाहेर फारसं कुणी मानत नाही!

५. फातोर्ड्याला पहिल्यांदाच येतोय, सोबत आठ वर्षांची मुलगी आहे. काय काय सांभाळू?

क्रमाने सांगतो.

तिकीट घेताना स्टँड आणि गेट बघून घ्या. चुकीच्या गेटवर रांगेत अर्धा तास घालवून परत फिरणारे दर सामन्याला दिसतात. सामना सुरू होण्याच्या तासभर आधी पोहोचा. कदंब बसस्थानकावरून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. रेल्वे स्थानक लांब पडतं, तिथून रिक्षा किंवा पायलट (मोटरसायकल टॅक्सी) घ्या.

पाण्याची बाटली, लायटर, पॉवर बँक आणि हेल्मेट गेटवर बहुधा अडवतात. स्कूटरने येणार असाल तर हेल्मेट डिकीत मावतं का ते घरीच बघून या. आत ठेवायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

मुलीसाठी कापूस नको, कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन घ्या. ढोल ज्या बाजूला वाजतात त्याच्या थेट समोर किंवा शेजारी बसू नका, कोपऱ्याकडची जागा घ्या. तिच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं आणि स्वच्छतागृहाची रांग त्यातली दहा खाते, म्हणून चाळिसाव्या मिनिटाला उठा. नेमका तेव्हाच गोल होतो, त्याला इलाज नाही.

नारिंगी जर्सी नसली तरी चालेल, पण पाहुण्या संघाचा रंग टाळा. ‘फोर्सा गोवा’ एवढं ओरडता आलं की तिचं काम भागतं.

६. साडेसातचा सामना. पेडण्याला परत कसं जायचं?

आधी हिशेब करा: ९० मिनिटं, मध्यंतर आणि भरपाई वेळ धरून सामना साडेनऊच्या आसपास संपतो. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर सव्वादहा सहज होतात. मडगाव-पणजी हे अंतर ३३ किलोमीटरच्या घरात, म्हापसा त्याच्याही पुढे आणि पेडणे आणखी पुढे. तोवर बसगाड्या विरळ झालेल्या असतात. म्हणून बसच्या भरवशावर उत्तरेकडून येऊच नका. गावातले चारजण मिळून एक गाडी करा, पार्किंग मैदानापासून थोडं लांब आणि तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा. मैदानालगत लावलेली गाडी निघायलाच अर्धा तास जातो. चालवणाऱ्याने प्यायची नाही, जिंकलो तरी. फोंड्याचे लोक सुखी, वीसेक किलोमीटरांत घरी.

७. शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन हरणं आमच्याच नशिबी का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो उगाच येत नाही.

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना. जोफ्रेने ८७ व्या मिनिटाला २-१ केलं. ९० व्या मिनिटाला आमच्याच गोलरक्षकाच्या हातून स्वयंगोल, भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल, चेन्नईयिन ३-२. पुढे १७ मार्च २०१९, मुंबईतला अंतिम सामना: बंगळूरूच्या राहुल भेकेचा गोल ११७ व्या मिनिटाला. एप्रिल २०२४, उपांत्य फेरी, पुन्हा फातोर्डा: ९० व्या मिनिटापर्यंत २-० पुढे, शेवटची शिटी झाली तेव्हा मुंबई सिटी ३-२. एप्रिल २०२५: बंगळूरूत ०-२ हरून आल्यावर घरच्या मैदानावर ८८ व्या मिनिटाला २-० करून बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीचं डोकं लागलं.

नशीब बाजूला ठेवून कारणं बघू. पुढे असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत आपोआप मागे सरकतो. मग चेंडू साफ केला तरी तो प्रतिस्पर्ध्याकडेच जातो आणि लगेच परत येतो. प्रतिस्पर्ध्याने बदली खेळाडू म्हणून ताजे विंगर (कडेने हल्ला करणारे) उतरवलेले असतात, आपले फुलबॅक (कडेचे बचावपटू) थकलेले असतात. दुसरं, गोव्याचा खेळ वर्षानुवर्षं आक्रमक राहिला आहे. हल्ल्याला सरावलेल्या संघाला वेळ काढणं नीट जमत नाही. म्हणून ८० व्या मिनिटानंतर चेंडूपेक्षा आपल्या बचावफळीकडे बघा: ती पेनल्टी चौकटीच्या रेषेवर येऊन बसली असेल तर गोल येतोय असं समजा. चौकटीपासून दहा-बारा मीटर पुढे उभी असेल तर श्वास घ्या.

पाठीराख्याने पाळायच्या गोष्टी अशा. गाडी लवकर काढायची म्हणून ८५ व्या मिनिटाला उठू नका. शेवटच्या शिटीआधी ‘जिंकलो’ असा संदेश पाठवू नका. घरी मोबाईलवर थेट प्रक्षेपण बघत असाल तर ते शेजारच्या टीव्हीच्या अर्धा मिनिटही मागे असू शकतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गटातले संदेश बंद ठेवा. शेजाऱ्याची आरोळी मात्र बंद करता येत नाही.

आणि हिशेबाची दुसरी बाजूही ठेवा. याच मैदानावर नोव्हेंबर २०१५ मध्ये मुंबईला ७-० धुतलं होतं, दुदू आणि हाओकिप या दोघांच्या हॅटट्रिक एकाच संध्याकाळी. तेव्हा मुंबईवाल्यांनीही असलेच प्रश्न विचारले असणार.

८. खेळाडूच्या चुकीमुळे हरलो तर त्याला समाजमाध्यमांवर सुनावायला काय हरकत?

२०१५ च्या त्या स्वयंगोलाचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी. गोव्याचाच मुलगा. त्याला तेव्हा जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. २० मार्च २०२२ ला त्याच फातोर्ड्यावर आयएसएलचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला, आणि हैदराबादकडून खेळताना त्याने केरला ब्लास्टर्सचे तीन फटके अडवून करंडक जिंकून दिला. करंडक गोव्याच्या मुलाने गोव्यात उचलला, पण गोव्याच्या जर्सीत नाही.

टीका करायचीच तर खेळावर करा: जागा चुकली, निर्णय उशिरा घेतला, पास मागे द्यायला हवा होता. जात, घर, आई-बहीण यांवर गेलात की ती टीका राहत नाही, पोलिसांत जाण्याजोगी गोष्ट होते.

९. हरल्यावर रात्रभर झोप लागत नाही, छातीत धडधडतं. हे सर्रास होतं का?

धडधड होते, पण ती थट्टेवारी नेऊ नका. २००६ च्या विश्वचषकात म्युनिकच्या परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या २.६६ पट नोंदल्या गेल्या होत्या. ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता, त्यांना धोका जास्त होता.

रक्तदाबाची गोळी ‘मॅच संपल्यावर घेतो’ म्हणून पुढे ढकलू नका. सामन्याआधी पोटभर तळलेलं आणि वर फेणी, हे मिश्रण साठीनंतर टाळाच. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम अशी लक्षणं दिसली तर निकाल बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

झोपेचं म्हणाल तर, सामना संपल्यावर तासभर पडदा बंद ठेवा. पराभवाचं विश्लेषण रात्री वाचलं की मेंदू तो सामना पुन्हा खेळतो. सकाळी वाचा, तेच सगळं लिहिलेलं असतं.

१०. कोरोची जर्सी घेतली आणि तो निघून गेला. आता ती घालू की नको?

घाला. फेरान कोरोमिनासने गोव्यासाठी आयएसएलमध्ये ४८ गोल केले आणि सलग दोन हंगाम सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. असे खेळाडू निवृत्त झाले, गेले तरी जर्सी जुनी होत नाही. अडचण दुसऱ्या प्रकारच्यांची: २०२० मध्ये प्रशिक्षक लोबेरा आणि त्यांच्या मागोमाग बूमूस, जाहू, फॉल, मंदार राव देसाई हे सगळे मुंबई सिटीत गेले, आणि पुढच्याच हंगामात त्यांनी आम्हाला उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरवलं. त्या नावांच्या जर्सी मुंबईविरुद्धच्या सामन्याला घालू नयेत, एवढा संकेत पुरे.

पैसे वाचवायचे असतील तर पाठीवर खेळाडूचं नाव न छापता नुसती जर्सी किंवा स्वतःचं आडनाव. आडनाव क्लब बदलत नाही.

११. पावसाळ्यात जर्सी-स्कार्फला बुरशी धरते. उपाय?

गोव्यातल्या प्रत्येक कपाटाची ही कथा. घामट जर्सी पिशवीत रात्रभर ठेवू नका, त्याच रात्री साध्या पाण्यातून काढा. उलटी करून, थंड पाण्यात, ब्लीचशिवाय धुवा. छापील नावावर थेट इस्त्री फिरवली की अक्षरं उचकटतात. जूनआधी एका कोरड्या दिवशी सगळं उन्हात (जर्सी सावलीत) वाळवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओल धरतात, महिन्याने बदला. वर्तमानपत्रांची कात्रणं प्लॅस्टिकच्या फोल्डरात कोंबू नका, आत ओल राहिली तर कागद चिकटतात.

१२. चवथ आणि सामना एकाच दिवशी आला तर?

ड्युरंड कप साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असतो, त्यामुळे हे घडतं. आरती चालू असताना मोबाईल खांबाआड टेकवून बघणं सगळ्यांना दिसतं, तुम्हाला वाटतं तसं लपत नाही. सामना नंतर पूर्ण बघायचा ठरवा आणि तोवर निकाल कळू देऊ नका. भावंडांना तशी ताकीद द्या.

लग्नाच्या तारखांचं वेगळं आहे. वेळापत्रक जाहीर झाल्यावर घरच्या दिनदर्शिकेत घरच्या मैदानावरचे सामने पेनने आणि बाहेरचे पेन्सिलने लिहा. बाद फेरीच्या तारखा आधी कळत नाहीत. तेवढ्यासाठी हंगामाचा शेवटचा महिना मोकळा मागून ठेवा आणि बदल्यात बाकी वर्षभर काही मागू नका.

१३. मी लिव्हरपूलचा, मुलगा रेआल माद्रिदचा. रात्री दीडला उठणं झेपत नाही.

वेळा पाठ करून ठेवा: इंग्लंडमध्ये दुपारी ३ चा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७.३० ला, हिवाळ्यात ८.३० ला. युरोपातला रात्री ९ चा सामना उन्हाळी वेळेत १२.३० ला आणि हिवाळ्यात १.३० ला. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात हमखास घोळ होतो. शाळकरी मुलाला दीडचा सामना महिन्यात एकाहून जास्त नको. त्याचा क्लब वेगळा असला तर असू द्या, फक्त गोव्याचा एक क्लब दोघांचा सामायिक ठेवा.

१४. मुंबईला सामना बघायला जायचंय, रेल्वेने जमेल?

जमेल, पण गाडी नीट निवडा. मांडवी दिवसाची, ती मुंबईला रात्री पोहोचते, तोवर सामना संपलेला. कोकणकन्याने आदल्या संध्याकाळी निघा, पहाटे दादरला उतरा आणि पश्चिम रेल्वेने अंधेरी गाठा. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना तेच बघा. पाहुण्यांसाठी वेगळा स्टँड ठेवला असेल तर तिथलंच तिकीट घ्या. यजमानांच्या घोळक्यात बसून नारिंगी जर्सी घालणं शौर्य नव्हे.

१५. माझा क्लबच मैदानातून गेला. आता काय?

२०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून (जुन्या राष्ट्रीय लीगचं नंतरचं रूप) माघार घेतली. अनेकांनी त्या दिवशी फुटबॉल बघणंच सोडलं. पण माघार राष्ट्रीय लीगमधून होती, क्लब मेले नव्हते. गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये ते खेळत राहिले, धेंपो तर २०२४-२५ साठी आय-लीगमध्ये परतला. तेव्हा आधी बघा की क्लब कुठल्या पातळीवर खेळतोय आणि दुलेर, टिळक मैदान वगैरे ठिकाणी सामने कधी आहेत. क्लब खरंच बंद पडला असेल तर ज्या युवा संघातून त्याचे खेळाडू येत होते त्या गावच्या क्लबकडे जा. गोव्यात प्रत्येक मोठ्या क्लबची मुळं एखाद्या वाड्यात सापडतात. नव्या क्लबकडे वळणं हा विश्वासघात नाही. एफसी गोवाच्या सुरुवातीच्या मालकांतही धेंपो आणि साळगावकर घराण्यांतली माणसं होतीच.

१६. आम्ही विजेते ठरलो आणि मग नाही ठरलो. चर्चिलवाल्यांनी काय करावं?

२०२४-२५ च्या आय-लीगमध्ये राष्ट्रीय महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयाने चर्चिल ब्रदर्स विजेते ठरले, पण १८ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेतं घोषित केलं. यातून घ्यायचं ते एवढंच: गुणकपात किंवा अपात्र खेळाडूचा वाद चालू असेल तर अंतिम निवाडा येईपर्यंत बॅनर छापू नका आणि टॅटू तर मुळीच काढू नका. हंगामाबाबतही असंच. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक कराराच्या वादामुळे आयएसएल अधांतरी लटकली. अशा वर्षी हंगामी तिकीट, विमान, हॉटेल यांपैकी काहीही परतावा न मिळणारं घेऊ नका.

१७. रोनाल्डो येणार म्हणून महागडं तिकीट घेतलं, तो आलाच नाही. पैसे परत मागता येतात का?

नाही. तिकीट सामन्याचं असतं, खेळाडूचं नव्हे. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र फातोर्ड्यावर आला, रोनाल्डोशिवाय. गोवा १-२ हरला, पण ब्रायसन फर्नांडिसने आशियातल्या त्या बलाढ्य संघाविरुद्ध गोल केला. ज्यांनी नाराज होऊन तिकीट दुसऱ्याला दिलं त्यांनी तो चुकवला. परदेशी तारा येण्याची बातमी असेल तेव्हा अधिकृत तिकीटविक्रीपलीकडे कुणाकडूनही चढ्या दराने घेऊ नका.

१८. मी मूळचा धेंपोचा, आता एफसी गोवाचाही. दोघे समोरासमोर आले तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. एफसी गोवाचा राखीव संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळतो आणि २०१८-१९ ला ती त्याने जिंकलीही आहे, म्हणजे धेंपो, साळगावकर यांच्याशी गाठ पडतेच. रूढ झालेला तोडगा असा: आधी ज्याचे झाला त्याच्या बाजूने ओरडायचं, दुसऱ्याच्या गोलावर टाळी वाजवायची पण उठायचं नाही. स्कार्फ एकच घाला. दोन क्लबांचा अर्धा-अर्धा स्कार्फ विकायला आला तर घेऊ नका, दोन्हीकडचे लोक हसतात. छोट्या मैदानांवर बऱ्याचदा दोन्हीकडचे समर्थक सरमिसळ बसतात, तेव्हा शेजारी कोण बसलंय ते आधी बघून घ्या आणि मगच पंचाला काय ते बोला.